दादाच्या डोक्यावरची लाली

माझ्या थोरल्या भावाचे केस पिकायला थांबलेच नाहीत, सरळ निघून गेले. कॉलेजात असताना कायम खिशात कंगवा ठेवून हिंडणारा माणूस. पण नोकरीला लागून चार वर्षं होतात न होतात तोवर त्याचं कपाळ टाळूपर्यंत जाऊन पोचलं. तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात तो कारकून होता. खत, बियाणं आणि बारदान न्यायला आलेले शेतकरी, त्यातले कित्येक आमच्या वडिलांच्या वयाचे, काउंटरवर वाकून म्हणायचे, "मामा, जरा आमचं बगा की." त्या दिवशी दादा घरी येऊन जेवायचा नाही.

उरलेल्या केसांवर तो भारी मेहनत घ्यायचा. डाव्या कानावरचे केस वाढवून ते उजव्या कानापर्यंत नेऊन चिकटवायचे, वर पाण्याचा हात फिरवायचा. येडशीच्या स्टेशनावर वारं सुटलं की ते सगळं झाकण उघडायचं आणि एका बाजूला लोंबायचं. मी हसले की तो चार दिवस माझ्याशी बोलायचा नाही. मी तरी काय करणार, हसू यायचंच. तेव्हा मी डी.एड. होऊन नोकरीची वाट बघत घरी बसले होते आणि हसण्यासारखं त्या वर्षी दुसरं फारसं काही नव्हतं.

कारण दुष्काळ होता. बहात्तरचा मोठा दुष्काळ नव्हे, त्याच्या नंतरचा, ऐंशीच्या दशकातला. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या उगवतीला. वस्तीवरचा आड पाडव्याच्या आधीच आटला होता. टँकर यायचा तो आधी गावच्या विहिरीत ओतायचा, आणि तिथलं निपटलं की मग आमच्या बायका घागरी लावणार. हे असंच चालायचं, त्याबद्दल भांडणंही व्हायची, पण ती आजची गोष्ट नव्हे.

आजची गोष्ट दादाच्या लग्नाची. तीन ठिकाणांहून नकार आला होता. तिन्ही ठिकाणी भाषा तीच, मुलगा चांगला, नोकरी चांगली, पण वयानं थोडा जास्त वाटतो. जास्त कसला, सत्ताविसावं सरलं होतं नुकतं! चौथं ठिकाण उमरग्याकडचं होतं. मुलगी शिक्षिका, वडील हायवेवरच्या ट्रकच्या गॅरेजात मिस्त्री. त्यांनी मध्यस्थाकडून फोटो बघितला होता, तो अर्थात कॉलेजातला, कंगव्याच्या काळातला. फोटो पसंत पडला. पण त्याहून पसंत पडलं ते आमच्या घराचं नाव.

घराला नाव होतं ते वडिलांमुळं. आबा रेल्वेत गँगमन होते. कुर्डुवाडीहून लातूरला जाणारी ती छोटी गाडी, तिच्या रुळांची निगा राखणं हे त्यांचं काम. दर रविवारी वस्तीतल्या पत्र्याच्या विहारात तेच बुद्धवंदना म्हणायचे. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी घरातले देवाचे टाक, परडी, कवड्यांची माळ, सगळं एका पोत्यात घालून नदीला नेऊन सोडलं होतं. नुसतं स्वतःच्या घरातलं नाही, घरोघरी फिरून, हात जोडून, वेळेला भांडून, अख्ख्या वस्तीला त्यातून बाहेर काढलं. अंगावर लाल पुरळ उठलं की ‘बाई आली’ म्हणायचं, म्हणजे देवीच पाहुणी म्हणून अंगात उतरली असं मानायचं, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा आणि औषध न देता तिची मर्जी सांभाळत बसायचं, ही तर त्यांच्या डोक्यात तिडीक जाणारी गोष्ट. मला लहानपणी गोवर आला तेव्हा त्यांनी मला खांद्यावर टाकून धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं.

या चिडीला कारण होतं. आमची आत्या, आबांची थोरली बहीण, विधवा होऊन माहेरी आली ती एक मुलगा घेऊन. दीक्षेच्या आधीची गोष्ट. त्या पोराला देवी आल्या. दाराला लिंब लावला, थंड आंबील ठेवली, सगळं रीतीप्रमाणं केलं आणि पोर गेलं. आबा तेव्हा मिसरूडही न फुटलेले. भाच्याला त्यांनीच पुरायला नेलं. पुढं आमची आई गेली आणि आत्यानं दादाला आणि मला वाढवलं. दादा म्हणजे तिचा जीव. तो जेवला नाही की ही पण ताटावरून उठणार. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, आत्या म्हणजे अशीच असं आम्ही धरून चाललो होतो.

तर उमरग्याचे पाहुणे एका रविवारी घर आणि मुलगा बघायला येणार असं ठरलं, आणि दादाला घाम फुटला. फोटोतले केस आणायचे कुठून?

कॉलेजच्या होस्टेलातला त्याचा एक मित्र मुंबईला एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरकी शिकत होता. तिथं तेव्हा डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढं लावायचं काम नवीनच सुरू झालेलं. शिकाऊ डॉक्टरांना डोकी हवी होती आणि दादाला केस. सौदा जमला. घरी त्यानं सांगितलं की संघातर्फे मुंबईला ट्रेनिंग आहे. खरं फक्त मला सांगितलं, कारण परत आल्यावर डोकं धुवायला कुणीतरी लागणार होतं.

"आबांना कळलं तर चामडी लोळवतेत माझी," तो म्हणाला. "हितं घोटभर पाणी मिळंना अन् हा केस लावत बसला म्हणतेन."

"बरोबरच म्हणतेन," मी म्हणाले. पण त्याचं तोंड इतकं पडलं की डोकं धुवायचं मी कबूल केलं.

तो परत आला तो संध्याकाळच्या गाडीनं, डोक्याला पंचा सैलसर गुंडाळून. आबांची गँग त्या आठवड्यात बार्शीच्या बाजूला कामाला होती, मुक्काम तिकडंच. ते एक बरं झालं. मागच्या खोलीत दिवा लावून त्यानं पंचा काढला आणि मी तोंडावर हातच ठेवला. पुढच्या सगळ्या टकलावर, वाटाण्याएवढे गोल गोल लालभडक ठिपके, ओळीनं लावलेले. मिरचीची रोपं लावतात तसे. प्रत्येक ठिपक्यात दोन-चार केस ताठ उभे. ठिपक्यांच्या मधली कातडी पण लाल, आणि कपाळ सुजून डोळ्यांवर आलेलं. दादा तसा उजळ रंगाचा, त्यामुळं लाली अशी उठून दिसत होती की दिव्याची गरज नव्हती.

"हे असंच राहणार?"

"आठ दिसांत जाती म्हणला डॉक्टर."

डॉक्टर काय म्हणाला ते मी नंतर खोदून खोदून काढलं. तो म्हणाला होता, कुणाची आठ दिवसांत जाते, कुणाची दोन-दोन महिने राहते. शिवाय हे लावलेले केस आधी गळून पडतील आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवतील. दादानं त्यातले आठ दिवस तेवढे उचलले होते आणि बाकीचं मुंबईतच ठेवून आला होता. पथ्यं मात्र त्यानं नीट लक्षात ठेवली होती. उन्हात जायचं नाही, तेल लावायचं नाही, कंगवा नाही, खाजवायचं नाही, घट्ट काही बांधायचं नाही, आणि रोज उकळून गार केलेल्या पाण्यानं हलक्या हातानं धुवायचं.

रोज! मी दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या वाटणीच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी उकळलं. त्याच्या मानेखाली परात धरून थेंब थेंब सोडत होते. परातीतलं पाणी शेळीला पाजता येईल का, असा विचार चालला होता. तेवढ्यात मागं काहीतरी पडल्याचा आवाज झाला. आत्या दारात उभी होती. हातातली चूल पेटवायची फुंकणी खाली पडलेली.

"बया गं," ती एवढंच म्हणाली. मग एकदम पुढं आली, दादाच्या पायांना हात लावला, दादाच्या नव्हे, त्याच्या अंगात आलेल्या बाईच्या, आणि मागच्या पावली बाहेर गेली.

"आत्या, अगं तसं न्हाई ते..." मी सुरुवात केली. दादानं माझं मनगट असं दाबलं की बांगडी फुटायची राहिली.

"ऱ्हाऊ दे," तो कुजबुजला. "रविवारपर्यंत ऱ्हाऊ दे. तवर लाली जाती."

मी त्याला म्हणाले, देवीचा रोग तर देशातून गेला म्हणतात, शाळेच्या भिंतीवर ‘देवीचा रोगी कळवा, बक्षीस मिळवा’ लिहिलेलं पण आता पुसट होत आलंय, आत्याला एवढं सांगते. सांगितलंही. आत्या म्हणाली, "सरकारनं कागदावरनं घालवली आसंल. तिला काय कागद वाचता येतोय?" यावर माझ्या डी.एड.मध्ये काही उत्तर नव्हतं.

दुपारी बघते तर दाराच्या चौकटीला लिंबाचा डहाळा. आबांनी आमच्या अंगणात लिंबाचं झाड कधी लावू दिलं नव्हतं. आत्या उन्हात कुठवर चालत गेली होती कोण जाणे.

आणि मग मजा सुरू झाली. मजाच म्हणते, कारण पहिले दोन-तीन दिवस मला हसू आवरत नव्हतं. डॉक्टरचं पथ्य आणि आत्याचं पथ्य, दोन्ही शब्दाला शब्द जुळत होती. बाई आलेल्या माणसाला उन्हात जाऊ द्यायचं नाही, तेल लावायचं नाही, कंगवा नाही, खाजवू द्यायचं नाही, अंगावर घट्ट काही नको, आणि सारखा गारवा हवा. दादाला मुंबईच्या दवाखान्यातसुद्धा इतकी चोख बरदास्त मिळाली नसती. घरात फोडणी बंद झाली, कारण तिचा वास बाईला चालत नाही. त्याच्याशी चढ्या आवाजात बोलायचं नाही, म्हणून मला त्याच्यावर चिडताही येईना. त्याला दहीभात आणि मला कोरडी भाकरी. फक्त हळद आणि लिंबाचा पाला वाटून डोक्याला थापायचा आत्याचा बेत मी हाणून पाडला. बाईला माझ्याच हातचं चालतंय, असं ठोकून दिलं आणि वाटी कोपऱ्यात नेऊन रिकामी केली.

वस्तीत बातमी जायला वेळ लागला नाही. सगळ्यात मोठा धक्का मला तिथं बसला. ज्या बायका दर रविवारी पांढऱ्या साड्या नेसून आबांच्या मागं पंचशील म्हणायच्या, त्यातल्या निम्म्याजणी पदराआड काहीतरी लपवून आल्या. कुणी आंबील आणली, कुणी हळद. आणि सगळ्यांनी आणलं पाणी. कुणी तांब्या, कुणी गडवा, कुणी अर्धी कळशी. आपल्या पोरांना चूळ भरायला न देता वाचवलेलं पाणी उंबऱ्याशी ठेवायचं, "बाईला गार कर गं पोरी," म्हणायचं आणि आत न येता मागं फिरायचं. एका म्हातारीनं तर माझ्या कानात विचारलं, "ते भितीवरचं बक्षीस आजून देत्यात व्हय गं?" तिला मी नाही म्हणाले. तरी ती पाणी ठेवूनच गेली.

दादा ते पाणी डोक्यावर घेत होता. नुसता हलक्या हातानं धूत नव्हता, आता दिवसातून दोनदा धूत होता, लाली लवकर जावी म्हणून. बुधवारी मी तांब्या आपटला.

"शेजारची सून लेकराला पाजती, तिनं तिच्या तोंडचं पाणी आणून ठेवलंय. तुझ्या केसांसाठी. लाज वाटती का जराशी?"

"वाटती," तो म्हणाला. खरंच वाटत होती, कारण तो वर बघत नव्हता. "पन आता सांगितलं तर उमरग्याचं मोडतंय. अख्ख्या तालुक्यात हसं व्हईल. संघात मला कोन काउंटरवर उभा करील? चार दिस. तुझ्या पाया पडतो."

आणि लाली काही जात नव्हती. सूज उतरली, खपल्या धरल्या, पण ठिपक्यांभोवतीची कातडी तशीच, भाजल्यासारखी लाल. तो सारखा आरसा मागायचा. आत्याला वाटायचं, बाईचं कोपणं अजून गेलं नाही. ती रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून असायची, पदरानं वारा घालत. जेवण तिनं सोडलंच होतं, आंबिलीच्या घोटावर होती. शनिवारी मी नीट बघितलं तर तिचे डोळे खोल गेले होते आणि तांब्या उचलायला तिला दोन्ही हात लागत होते. तेव्हा माझं हसू बंद झालं. ती देवीची भक्ती करत नव्हती. ती घाबरली होती, आणि इतकी घाबरली होती की तिला दुसरं काही सुचत नव्हतं. दादाला मी हे सांगितलं. तो पंचा तोंडावर ओढून भिंतीकडं वळला.

रविवारी पाहुणे आले. मुलीचे वडील, ते गॅरेजातले मिस्त्री, आणि मुलीचे मामा. उमरग्याहून एसटीनं येडशीला उतरले आणि तिथंच त्यांना आबा भेटले, कामावरून परत आलेले. आबांना इतका आनंद झाला की टांगासुद्धा न बघता ते त्यांना चालत घेऊन निघाले. वाटभर ते काय बोलले असतील ते मी न ऐकता सांगू शकते. वस्तीनं देवदेवस्की कशी सोडली, टाक नदीला कसे सोडले, आता एका घराच्या दाराला लिंबाचं पान दिसायचं नाही. मिस्त्री स्वतः त्यांच्याकडच्या विहाराचे कार्यकर्ते. ते म्हणे मान डोलावत होते आणि म्हणत होते, असंच घर पाहिजे होतं आमाला.

अंगणात आले आणि तिघंही थांबले. दाराला डहाळा, उंबऱ्याशी तांब्या-गडव्यांची रांग, आणि दोन-तीन शेजारणी हळदीच्या वाट्या घेऊन उभ्या.

आबांचं तोंड मी खिडकीतून बघत होते. रुळावर वाकून काम करणारा काटक माणूस, पण त्या क्षणी ते म्हातारे दिसले.

मिस्त्री सावकाश म्हणाले, "वाटंनं तुमी जे सांगत आलाव, ते कुणाच्या घराचं सांगत होताव?"

 आबांनी पुढं होऊन डहाळ्याला हात घातला. आत्या आतून आली आणि तिनं त्यांचा हात धरला.

"त्येला हात लावू नको. म्या लावलाय." मग ती पाहुण्यांकडं वळली. "माझ्या भावाला बोलू नका. त्येला यातलं काईच मालूम न्हाई. आमच्या लेकराला बाई आलीय. माझं एक नेलंय तिनं. हे बी न्यायला लागली तर म्या तिच्या पाया पडंन, न्हाईतर आनी कुनाच्या बी पडंन. मला दुसरं काय करता येतंय?"

"आक्का," आबा म्हणाले, "त्या वक्ताला बी आपन हेच केलं. हाच लिंब लावला."

"व्हय. लावला. अन् आता लावला न्हाई अन् गेलं तर?"

आबांनी डहाळ्यावरचा हात काढून घेतला.  मिस्त्रींनी हात जोडले. म्हणाले, "बाई, तुमच्यावर आमचा राग नाही. पण माझी पोरगी शिकलेली आहे, पोरांना शिकवती. तिला ह्या दारातनं आत कसं पाठवू मी? आमी येतो." आणि ते वळले.

आत्या त्यांच्या मागं चार पावलं धावली. "आवो थांबा! माझ्यापायी लगीन मोडू नका. म्याच जाते घर सोडून. ह्या घरात पाय ठिवत न्हाई पुन्ना. मंग तर झालं का?"

माझ्याशेजारी दादा उभा होता, पंचा गुंडाळून, अंधारात.   त्यानं पंचा काढून माझ्या हातात दिला आणि तो भर उन्हात अंगणात गेला.

डोकं असं दिसत होतं की मामा दोन पावलं मागं सरले.

"ही बाई न्हाई," दादा म्हणाला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाला. "आत्या, बाई आलेली न्हाई. केस हाईत हे. मुंबईला जाऊन लावून आलोय."

मामा पुन्हा दोन पावलं पुढं आले.

"लावून म्हंजी?" मामांनी विचारलं.

"मागचे काढले अन् पुढं लावले. डॉक्टरनं. त्याची लाली हाय ही."

मामा वळसा घालून दादाच्या मागं गेले आणि खात्री करून घेतली. "आयला, खरंच की ओ! हितं भोकं हाईत." तेवढ्यात शेजारच्या सुनेला काय ते उमगलं आणि तिनं हळदीची वाटी कमरेवर टेकवली. "मंग आत्या इतके दिस उपाशी ऱ्हायली ती? अन् आमचं पानी?"

त्या शब्दावर आबा पुढं आले. "पानी? डोस्क्यावर घातलं पानी?"

"घातलं," दादा म्हणाला.

मला वाटलं आता आबांचा हात उठणार. पण हसायला सुरुवात कुणी केली माहीत आहे? त्या बक्षीसवाल्या म्हातारीनं. ती जी सुटली ती खालीच बसली. मग सून, मग मामा, मग मी खिडकीत. मिस्त्री तेवढे हसले नाहीत. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली. आत एक केस नव्हता, वाटी घासून ठेवल्यासारखं स्वच्छ.

"माझी पोरगी लहानपणापासून हे डोस्कं बघत आलीय," ते दादाला म्हणाले. "त्याचं तिला काई नाही. पण आठ दिवस बायांचं पाणी घेतलाव, अन् ह्या माउलीला उपाशी ठेवलाव, हे मी तिला सांगणार आहे. पुढं तिनं ठरवावं."

त्यांनी खरंच सगळं सांगितलं. मुलीचा निरोप पंधरा दिवसांनी आला तो असा, की मुलानं एकदा शाळेवर येऊन भेटावं, पंचा न बांधता. दादा गेला. लाली तेव्हाही होती, थोडी फिकी झालेली. तिथं त्यांचं काय बोलणं झालं ते दोघांनीही आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण लग्न झालं. केसही आले पुढं, दात घासायच्या ब्रशासारखे झुबके झुबके, आणि ते बघून वहिनी त्याला जे नाव ठेवते ते इथं लिहिता येणार नाही. पाण्याचं म्हणाल तर आबांनी शिक्षा सुनावली. पावसाळा लागेपर्यंत रोज कामावर जायच्या आधी दादानं येडशीच्या रेल्वेच्या टाकीवरून सायकलला दोन्हीकडं कॅन बांधून पाणी आणायचं आणि ज्या ज्या घरातून तांब्या आला त्या त्या घरात ओतायचं. वस्तीतली पोरं सायकलमागं ‘बाई आली, बाई आली’ ओरडत पळायची. दोन दिवसांतच तळहातांना फोड आले, पण त्यानं एकही घर चुकवलं नाही. संघातही कळलं. तिथं आता त्याला कुणी मामा म्हणेना, सगळे नावानं हाक मारायला लागले, हा एक फायदाच झाला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी पाहुणे गेले, शेजारणी आपापली रिकामी भांडी घेऊन हसत हसत गेल्या, आबा विहाराकडं निघून गेले. अंगणात आत्या तेवढी राहिली. ती हसली नव्हती आणि रागावलीही नव्हती. तिला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं, सगळे हसण्यात गुंतले होते. दादा तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आत्या, चुकलं माजं. मार मला."

तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून आपल्याकडं वाकवलं. म्हातारीचे डोळे अधू. एकेका ठिपक्यावर बोट टेकवत, डोळे अगदी जवळ नेऊन ती बघत राहिली. एक ओळ झाली, दुसरी ओळ झाली. डॉक्टरनं हात लावायचा नाही असं बजावलं होतं, पण मी तिला थांबवलं नाही आणि दादा हलला नाही.

"दुखतंय का?"

"न्हाई. नुसतं लाल हाय."

"मरत न्हाईस न्हवं ह्यानं?"

"न्हाई गं आत्या. ह्यानं कुनी मरत न्हाई."

"आई शप्पत?"

"तुझी शप्पत."

आत्यानं त्याचं डोकं सोडलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा बांध फुटला आणि ती पदर तोंडाला लावून, त्या दुसऱ्या लेकराचं नाव घेत, मोठ्यानं रडली. दादाही रडला. रडणं थांबल्यावर तिनं डोळे पुसले, त्याच्या डोक्याकडं पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाली,

"मंग ऱ्हाऊ दे लाल. किती बी दिस ऱ्हाऊ दे."